गावातल्या मुली पोलीस भरतीत पाठवायच्या असतील, तर तयारी जाहिरातीच्या दोन वर्षं आधी

हा लेख भरती देणाऱ्या मुलीने वाचला तर चांगलंच, पण तो मुख्यतः तिच्या आसपासच्या माणसांसाठी लिहिला आहे: शाळेचे क्रीडाशिक्षक, निवृत्त पोलीस, सरपंच, बचत गटाच्या ताई, तालमीचे वस्ताद, किंवा नुसतीच गावाची काळजी असलेली माणसं. एकेकटी मुलगी भरती होते ती जिद्दीवर. एका गावातून दर भरतीला चार-पाच मुली लागायला हव्या असतील, तर त्यासाठी कुणीतरी व्यवस्था लावावी लागते. ती कशी लावायची, ते इथे टप्प्याटप्प्याने लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात १९९४च्या महिला धोरणापासून सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधल्याच ३० टक्के महिलांसाठी राखलेल्या असतात. केंद्रीय गृह मंत्रालय २००९ पासून राज्यांना सांगत आलं आहे की पोलीस दलात महिला ३३ टक्क्यांपर्यंत न्या, आणि प्रत्येक ठाण्यात किमान ३ महिला उपनिरीक्षक आणि १० महिला शिपाई ठेवा, म्हणजे महिला मदत कक्ष दिवसरात्र चालेल. तरीही देशभरात पोलीस दलातल्या आठ माणसांमागे जेमतेम एक बाई आहे. बिहारने २०१३ मध्ये पोलीस भरतीत महिलांसाठी ३५ टक्के जागा राखल्या आणि आज तिथला महिलांचा वाटा २० टक्क्यांच्या वर गेला आहे. म्हणजे आरक्षणाने फरक पडतो. पण समांतर आरक्षणाची एक गोम गावात फार थोड्यांना ठाऊक असते: राखीव जागेला पात्र महिला उमेदवार मिळाली नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते, पुढच्या भरतीसाठी शिल्लक राहत नाही. मुली मैदानापर्यंत पोचल्याच नाहीत, तर कागदावरचे ३० टक्के कागदावरच विरतात. आणि मैदानापर्यंत कोण पोचणार हे जाहिरात निघायच्या खूप आधी, घरात आणि गावच्या ग्राउंडवर ठरलेलं असतं.

पहिली पायरी: टेप घेऊन शाळेत जा

शिपाई पदासाठी मुलींना किमान उंची १५५ सेंटिमीटर लागते. शिक्षण बारावी पास. वय १८ पूर्ण. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षांपर्यंत. बस, एवढ्या तीन गोष्टी आधी पाहायच्या.

अकरावीच्या वर्गात जाऊन उंची मोजा. भिंतीवर खुणा करा, अनवाणी उभं करा, टाचा भिंतीला टेकवा, डोक्यावर सपाट पट्टी ठेवा. शक्यतो सकाळी मोजा, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून उंची साधारण एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरते. १५४.५ आणि १५५ यांच्या मध्ये अडकलेल्या मुलीसाठी हा फरक नोकरीचा असतो. अशा मुलीने मोजमापाच्या दिवशी आदल्या रात्री नीट आडवं पडून झोप घेतलेली असावी, एसटीत बसून रात्र काढलेली नसावी.

जिची उंची १५० आहे आणि वय १९, तिला खोटी आशा लावू नका. ‘लटकलीस की वाढेल’ असं सांगून दोन वर्षं वाया घालवणारे लोक मी पाहिलेत, मला त्यांचा राग येतो. तिला होमगार्डचा रस्ता दाखवा, तिथे महिलांना १५० सेंटिमीटर चालतात. उलट १५७ किंवा जास्त उंचीची मुलगी अभ्यासात हुशार असेल, तर शिपाई भरतीसोबत एमपीएससीतून होणारं उपनिरीक्षक पद तिच्या कानावर आत्ताच घाला. मुलींना ‘पोलीस’ म्हटलं की शिपाईच आठवतो. पदवीनंतर फौजदार होता येतं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

विवाहित मुलींना वगळू नका. लग्न झालं म्हणून अपात्र ठरत नाही. मात्र लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलांमुळे हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर सरकारी नोकरी मिळत नाही. बाळंतपण नुकतंच झालेलं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पळायला लावू नका. साध्या प्रसूतीनंतरही किमान तीन महिने चालणं आणि ओटीपोटाचे हलके व्यायाम, मग धावणं. सिझेरियन असेल तर त्याहून उशिरा.

दुसरी पायरी: घर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुलगी तयार असते, घर नसतं. आणि ‘घर’ म्हणजे नेहमी वडील असतात असंही नाही. बऱ्याच ठिकाणी वडील हो म्हणतात आणि आजी किंवा थोरला भाऊ अडून बसतो. नकार कुठून येतोय ते आधी शोधा.

हरकती ठरलेल्या असतात. पहाटे अंधारात कशी पाठवायची? उन्हात काळी पडेल, मग स्थळ कसं येणार? ट्रॅक पँट घालून गावातून जाणार? नाइट ड्युटी असते म्हणे. या हरकतींना भाषणाने उत्तर मिळत नाही. पहिलीला उत्तर व्यवस्था आहे, ते पुढे येतंच. बाकीच्यांवर सगळ्यात चालणारा उपाय म्हणजे गावातली किंवा पाहुण्यांतली नोकरीत असलेली महिला पोलीस, सुट्टीवर आली असताना, घरी चहाला. तिचं लग्न झालंय, पोरं आहेत, पगार घरात येतो, सासू नात सांभाळते, हे डोळ्यांनी दिसलं की निम्मा वाद संपतो. तिला खरंच बोलू द्या. बंदोबस्तात स्वच्छतागृह नसतं, सणाला घरी नसतो, गणपतीत रजा मिळत नाही, हेही तिने सांगावं. नुसतं गोड ऐकून आलेल्या मुली प्रशिक्षणात खचतात.

पगाराचा आकडा स्पष्ट सांगा. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० आहे, म्हणजे मूळ वेतन २१,७०० पासून सुरू आणि त्यावर महागाई भत्ता वगैरे. प्रसूती रजा १८० दिवसांची. राज्य शासनाने २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत मिळून १८० दिवस बालसंगोपन रजाही दिली आहे. महिला अंमलदारांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा प्रयोग २०२१ मध्ये नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणमध्ये झाला आणि २०२२च्या सुरुवातीला पोलीस महासंचालकांनी तो राज्यभर लागू करायला सांगितला. मोठा बंदोबस्त लागला की घड्याळ बाजूला राहतं, हे नोकरीतली कुठलीही ताई सांगेल. तरी घरच्यांशी बोलताना या गोष्टी हाताशी असाव्यात.

घरच्यांकडून काय मागायचं? ‘नोकरी लागेपर्यंत लग्न नको’ असं मागितलं तर कुणी देत नाही. ‘दोन भरत्या होऊ द्या’ असं मागा. मुदत ठरलेली असली की बाप शब्द देतो, आणि गावात चारचौघांसमोर दिलेला शब्द सहसा पाळतोही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं होतं. म्हणून हे बोलणं बारावीच्या निकालानंतर करायचं नसतं, दहावीच्या सुट्टीत करायचं असतं.

तिसरी पायरी: ग्राउंड

मुलींच्या सरावासाठी चार गोष्टी लागतात: उजेड, सोबत, कडी असलेलं स्वच्छतागृह आणि हजर असणारी एक बाई. ट्रॅक, गोळे, स्टॉपवॉच त्यानंतर.

एकट्या मुलीने सराव सुरू करू नका. चार-पाच जणी झाल्या की सुरू करा आणि त्यांना एकमेकींना घेत घेत ग्राउंडवर यायला सांगा. सौर दिवा ग्रामपंचायतीकडून बसवून घ्या. हायस्कूलच्या मैदानाची आणि स्वच्छतागृहाची किल्ली मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगीने मिळवा. हजर बाई खेळाडूच असायला हवी असं नाही. अंगणवाडी ताई, एखादीची आई, चालायला येणाऱ्या शिक्षिका, कुणीही चालेल. आळीपाळीने ठरवून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींसोबत आयांना घ्या.

मुलामुलींची वेळ वेगळी ठेवावी का, यावर लोक भांडतात. माझं मत: एकच वेळ ठेवा. वेगळी केली की चांगली वेळ मुलांकडे जाते आणि मुलींच्या वाट्याला पाचचा अंधार किंवा आठचं ऊन येतं. भरतीच्या दिवशी तसंही शेकडो लोकांसमोर पळायचं असतं, सवय झालेली बरी.

शिकवणारा पुरुष असेल तर नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. एकट्या मुलीला वेगळ्या वेळी बोलवायचं नाही, मालिश वगैरे प्रकार नाहीत, रात्री वैयक्तिक मेसेज नाहीत. मुलगी अठराच्या आतली असेल आणि तिने काही सांगितलं, तर पोक्सो म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ‘गावात मिटवू’ हा पर्याय नसतो.

निवासी अकॅडमीचं काय? चांगल्या आहेत, तशा नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरं कोंबणाऱ्याही आहेत. मुलगी गावच्या ग्राउंडवर ८०० मीटर साडेतीन मिनिटांच्या आत येईपर्यंत अकॅडमीवर पैसे घालू नयेत असं मला वाटतं. तिथवर पोचायला फक्त नेम लागतो, आणि तो फुकट आहे. पाठवायचंच तर पालकांनी स्वतः जाऊन मुलींचं वसतिगृह, वॉर्डन आणि स्वच्छतागृह पाहून यावं. बार्टी (अनुसूचित जातींसाठी), महाज्योती (इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी) या सरकारी संस्था आणि अल्पसंख्याक विकास विभाग भरतीपूर्व मोफत प्रशिक्षणाच्या योजना राबवतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, जागा कमी असतात आणि मुदत पटकन संपते.

चौथी पायरी: रक्त

सरावाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. आधी सांगितलेल्या त्याच पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! १२च्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या मुलीला तुम्ही कितीही पळवलंत तरी दुसऱ्या फेरीत तिचा दम तुटणारच. मग कोच म्हणतो ‘हिच्यात जिद्द नाही’. जिद्द भरपूर असते, लोह नसतं.

लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, डॉक्टर सांगतील तशा घ्यायच्या. पोटात मळमळतं म्हणून मुली त्या गुपचूप टाकून देतात, हे गृहीत धरून विचारत राहा. जेवणाला लागून चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. मोड आलेली मटकी, शेंगदाणे, फुटाणे, अंडी, घरात चालत असेल तर मटण किंवा सुकट. महागड्या डब्यातल्या पावडरीची गरज नाही. खरी अडचण वेगळीच असते: घरात मुलगी सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि पातेल्यात रस्सा उरलेला असतो. आईशी हे थेट बोला.

पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर ‘सरावाने होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरला दाखवा. एरवी पाळीच्या दिवसांत पळायला हरकत नसते. उलट त्या दिवसांतही सराव करून पाहिलेला असावा, कारण ग्राउंडची तारीख पाळी बघून येत नाही आणि बदलून मिळेलच असं नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नयेत.

आणि ‘दम वाढायचं इंजेक्शन’ देतो म्हणणारा कुणी ग्राउंडवर दिसला तर त्याला हाकलून द्या. मुलींच्या शरीरात स्टिरॉइड गेलं तर आवाज घोगरा होतो तो कायमचा, पाळी बिघडते, आणि उमेदवारी जाण्याची भीती वेगळीच.

पाचवी पायरी: ५० गुणांचं ग्राउंड

मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण, ४ किलोचा गोळा १५ गुण. अलीकडच्या भरत्यांत पूर्ण गुणांसाठी ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि गोळा ६ मीटर, असं माप राहिलं आहे. जाहिरात आली की तिच्यातला तक्ता पुन्हा पाहून घ्या, कारण मैदानीचे गुण आणि क्रम यापूर्वी बदललेले आहेत. २०१९मध्ये लेखी आधी होती. नंतर पुन्हा मैदानी आधी आली.

मुलींचे सगळ्यात स्वस्तात जाणारे गुण गोळ्यात असतात, म्हणून गोळ्यापासून सुरुवात करतो. मुलं लहानपणापासून दगड, चेंडू फेकत वाढतात. मुलींना खांद्याची ती सवयच नसते, त्यामुळे पहिल्या दिवशी गोळा तीन-साडेतीन मीटरवर पडतो आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून तो बाजूला पडतो. सगळा सराव मग धावण्यावर. प्रत्यक्षात गोळ्यात ताकदीइतकंच तंत्र आहे आणि ते काही महिन्यांत बसतं. गोळा तळहातात घ्यायचा नाही, बोटांच्या मुळाशी ठेवायचा. जबड्याखाली मानेला टेकवायचा, कोपर खांद्याच्या रेषेत. फेकायचा नाही, ढकलायचा. मागच्या पायावर वजन, गुडघा वाकलेला, मग पाय, कंबर, छाती, खांदा आणि शेवटी मनगट असा जोर खालून वर यायला हवा. नजर जमिनीवर राहिली तर गोळा जमिनीवरच जातो; समोरच्या झाडाच्या फांदीकडे बघायला सांगा. गोळा सुटल्यावर तोल जाऊन रेषेबाहेर पाय पडला की फाउल, म्हणून चुन्याने वर्तुळ आखूनच सराव करा. कोपर खाली पडून चेंडूसारखा फेकला तर खांदा दुखावतो आणि महिना जातो. जोडीला दंड (सुरुवातीला गुडघे टेकवून), बैठका, आणि वाळूची पिशवी छातीपासून पुढे ढकलणं. आठवड्यात दोन-तीन दिवस पुरे, रोज नको.

८०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या दोन फेऱ्या. २:५० साठी प्रत्येक फेरी ८५ सेकंदांत, म्हणजे दर २०० मीटर साडेबेचाळीस सेकंदांत. नव्या मुली पहिली फेरी ७५ मध्ये मारतात आणि दुसरीत चालू लागतात. त्यामुळे वेगाचा अंदाज पायात बसवणं हाच खरा सराव आहे. आधी महिना-दीड महिना नुसतं हलकं धावणं: बोलता येईल अशा गतीने वीस-तीस मिनिटं, लागलं तर मध्ये चालत. त्यानंतर आठवड्यात एक दिवस २०० मीटर ४२-४३ सेकंदांत, सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं. जिला ४३ जमत नाही तिला ५० देऊन सुरू करा, पण सहाही फेऱ्या सारख्या वेळात याव्यात. दुसऱ्या एका दिवशी ४०० मीटरच्या तीन फेऱ्या. उरलेले दिवस हलके. पूर्ण ८०० मीटर वेळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच. रोज टायमिंग घेणारा कोच मुलींना दमवतो, तयार करत नाही.

मैदान टेपने मोजा. मोबाइलचं ॲप लहान फेरीत दगा देतं आणि मग गावातलं २:४५ मुख्यालयाच्या मैदानावर ३:०५ निघतं. डांबरी रस्त्यावर पळवू नका, नडगी धरते. बूट साधे चालतील, पण मापाचे हवेत. भावाचे जुने बूट घालून पळणाऱ्या मुली अजून दिसतात. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही, तिच्याअभावी मुली खांदे आवळून पळतात आणि वेळ जातो. हे पुरुष कोचला सांगता येत नसेल तर हजर असलेल्या ताईंनी सांगावं. १०० मीटरसाठी एवढंच: स्टार्टचा सराव, चढावर तीस मीटरच्या धावा, आणि रेषेच्या दहा मीटर पुढपर्यंत जोर न सोडणं.

सहावी पायरी: लेखीचे १०० गुण

लेखी ९० मिनिटांची: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. मैदानीत निदान ५० टक्के मिळालेल्यांतून प्रवर्गनिहाय एका जागेला दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात, आणि लेखीत ४० टक्क्यांच्या खाली आलं की बाद. गुणवत्ता यादी मैदानी आणि लेखी मिळून लागते. ग्राउंडवर ४८ मारलेली मुलगी लेखीत ५५वर राहिली की घरी जाते, असं दर भरतीत होतं.

मुलींचं मराठी आणि सामान्य ज्ञान बरं असतं, गणितात त्या अडतात, आणि अडतात कारण आठवीनंतर गणिताची धास्ती बसलेली असते. सातवी-आठवीची शालेय पुस्तकं पुन्हा सोडवून घ्या: शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरळव्याज. मग जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. ग्राउंडनंतर शाळेच्याच वर्गात एक तास सगळ्यांनी मिळून बसावं. घरी गेली की तिच्या हातात पुस्तक येण्याआधी केरसुणी येते.

सातवी पायरी: कागद

तयार असलेली मुलगी कागदावर अडकावी यासारखं वाईट काही नाही. जाहिरात यायच्या सहा महिने आधी प्रत्येकीची फाइल करा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास म्हणजे डोमिसाईल, जातीचा दाखला, असेल तर जात वैधता.

नॉन-क्रिमिलेअरचा, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचा, गोंधळ खूप होतो. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी हा दाखला लागायचा. मे २०२३च्या शासन निर्णयाने ती अट काढली. इतर मागास, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना मात्र तो आपापल्या प्रवर्गासाठी लागतोच, आणि अर्जाच्या तारखेला त्याची मुदत चालू असावी लागते. ईडब्ल्यूएसचा म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही दर वर्षी नवा काढायचा असतो.

विवाहितांची अडचण नावाची. दहावीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद दोन्ही तयार ठेवा. जातीचा दाखला वडिलांकडूनच निघतो, नवऱ्याच्या जातीचा लागू होत नाही.

अर्ज भरताना एका पदाला राज्यात एकच अर्ज करता येतो, त्यामुळे जिल्हा विचार करून निवडा. प्रत्येक पोलीस घटकाच्या (म्हणजे जिल्हा किंवा शहर पोलीस दलाच्या) जाहिरातीत सामाजिक आणि समांतर आरक्षणाचा तक्ता असतो. आपल्या प्रवर्गाच्या ओळीत ‘महिला’ रकान्यात किती जागा आहेत ते पाहा. आपल्या जिल्ह्यात शून्य आणि शेजारच्यात सहा, असं असतं. आणि मागास प्रवर्गातल्या मुलींना हे आवर्जून सांगा: गुण भरले तर त्या खुल्या प्रवर्गातल्या महिला जागांवरही हक्काने निवडल्या जाऊ शकतात. हा मुद्दा उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि डिसेंबर २०२०मध्ये सौरव यादव प्रकरणात न्यायालयाने तो निःसंदिग्धपणे मान्य केला.

शिपाईसोबत चालक पदाचा अर्ज वेगळा भरता येतो. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या मुली फार थोड्या, त्यामुळे स्पर्धाही कमी. अठरा पूर्ण झाल्या झाल्या ट्रॅक्टर-जीप शिकलेल्या मुलीला परवाना काढून द्या. उंचीची अट मात्र चालक पदाच्या जाहिरातीत वेगळी पाहा.

ग्राउंडचा दिवस

इथे मुलींची सगळ्यात मोठी अडचण मुक्कामाची. मुलं मुख्यालयाबाहेरच्या फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनवर रात्र काढतात. मुलींनी ते करू नये आणि त्यांना करायला लागूही नये. हॉल तिकीट आलं की त्याच दिवशी सोय लावा: पाहुणे, समाजाचं वसतिगृह, धर्मशाळा, ओळखीच्या शिक्षिकेचं घर. एकाच घटकात अर्ज केलेल्या मुली असतील तर तारखा वेगळ्या आल्या तरी एकच खोली धरा. सोबत एक आई असावी.

पहाटे चारला रांग लागते आणि नंबर दुपारी येऊ शकतो. केळी, गुळ-शेंगदाणे, पाणी, मीठ-साखरेची पुडी, सुका टॉवेल, पॅड, बुटांची जास्तीची नाडी बरोबर हवी. २०२४ची भरती जूनमध्ये सुरू झाली आणि कित्येक ठिकाणी ग्राउंड चिखलात झालं, म्हणून पावसात पळायचाही सराव हवा. छाती क्रमांक नीट लावा. धावताना वेळ नोंदवणारी चिप दिलेली असेल तर ती सैल नाही ना ते पाहा. मोजमापावर किंवा वेळेवर हरकत असेल तर ती तिथेच, त्याच वेळी नोंदवायची असते. घरी येऊन रडून काही होत नाही. मुलींना हे तोंडपाठ करून घ्या: ‘सर, मला अपील करायचंय.’ मोठ्याने बोलायचीही रंगीत तालीम लागते, हसू नका.

पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणारा माणूस याच काळात गावात येतो. खोट्या प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त किंवा खेळाडू दाखल्यावर लागलेली नोकरी पडताळणीत जाते आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळा.

यादीत नाव नसलेल्या मुली

चार लागल्या की सत्कार होतो, बॅनर लागतो, आणि राहिलेल्या सहा जणी दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर येत नाहीत. त्यांच्या घरी निकालाच्या आठवड्यातच जा. गुणांचा तक्ता सोबत न्या आणि आईवडिलांसमोर वाचून दाखवा: कट ऑफला किती कमी पडले, ते गोळ्यात गेले की गणितात. ‘नापास’ म्हणण्याऐवजी ‘गोळ्याचे चार गुण’ असं ऐकलं की घर ऐकून घेतं. मुदत दोन भरत्यांची मागितलेली असते, त्याची आठवण द्या.

मधल्या काळात होमगार्डमध्ये नाव घाला. मानधन थोडं मिळतं, बंदोबस्ताचा अनुभव येतो, गणवेशात वावरायची सवय होते, आणि तीन वर्षांची सेवा झाली की पोलीस भरतीत गृहरक्षक दलासाठी, म्हणजे होमगार्डसाठीच, राखलेल्या जागांवर दावा करता येतो. नोंदणी जिल्हा समादेशकांच्या कार्यालयामार्फत होते. वीस वर्षं पूर्ण आणि दहावी पास लागते. ज्या मुलीला अठराव्या वर्षी पहिली भरती हुकली, ती विसाव्या वर्षी होमगार्डमध्ये गेली तर तेवीस-चोविसाव्या वर्षी पुन्हा पूर्ण ताकदीने उभी राहू शकते, आणि तेव्हाही खुल्या प्रवर्गात तिच्याकडे चार-पाच वर्षं शिल्लक असतात.